माझ्या पोटातला सायेब

मित्रांनो, नागपूर शहर ज्यांच्या बळावर टिकून आहे, त्या थोरांपैकी मी एक. मी आणि माझे भाऊबंद नसतो, तर हे शहर कुठल्यातरी मे महिन्यात वितळून कन्हान नदीला जाऊन मिळालं असतं. मी एक जुना कूलर आहे. सध्या माझ्या पोटात एक कासव बसलं आहे आणि ते केळं खात आहे.

हसायचं असेल तर हसून घ्या. मी थांबतो. थांबण्याशिवाय मला दुसरं काम नाही.

माझा जन्म जरीपटक्यातल्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. अंगाला जाड पत्रा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, पोटात पाण्याची टाकी आणि छातीत पंखा. या घरचे मालक बाबाराव यांनी मला हातगाडीवरून घरी आणलं तेव्हा त्यांच्या बायकोनं, प्रयागबाईंनी, मला कुंकू लावलं होतं. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ जळते दिवस, सुरू झाला की सगळं घर माझ्यासमोर ओळीनं आडवं व्हायचं. मी अधूनमधून करंट मारत असे, हे खरं आहे. पण त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. घरचा माणूसही कधीकधी अंगावर येतोच की.

मग भिंतीवर एक पांढरा डबा आला. ना पाणी मागतो, ना आवाज करतो. मला मागच्या व्हरांड्यात ढकललं गेलं. माझा पंखा निघाला, पंप निघाला, आणि भंगारवाल्याची हाक आली की माझ्या पत्र्यावर काटा येऊ लागला.

मला वाचवलं ते या घरातल्या लेकीनं, मिनलनं. ती सीताबर्डीला चष्म्याच्या दुकानात कामाला जाते. तिच्या मैत्रिणीची पुण्याला बदली झाली आणि तिचं कासव मिनलकडे आलं. परदेशी कुळातलं, पायांवर लाल ठिपके असलेलं, सरकारदरबारी रीतसर नोंद असलेलं. आपल्याकडचं चांदण्यांच्या पाठीचं कासव घरात ठेवणं गुन्हा आहे, हे मिनल येणाऱ्याजाणाऱ्याला बजावून सांगते. या कासवाला दमट घर लागतं. मिनलनं माझ्या टाकीत नारळाचा भुसा भरला, पालापाचोळा पसरला, ताट्या ओल्या केल्या आणि पंख्याच्या जागी दिवा लावला. कासवाचं नाव सायेब. दिवसभर काही करत नाही, म्हणून नाव शोभतं.

श्रावण लागला आणि माझं पोट बिघडलं. झालं असं, की कासव म्हणजे देवळात देवासमोर असतं ते, असा प्रयागबाईंचा हिशेब. दर सोमवारी त्या सायेबाच्या पाठीवर हळदकुंकू वाहायच्या आणि पुढ्यात केळं, साखर, शिऱ्याचा गोळा ठेवायच्या. सायेब थोडं खायचा. उरलेलं फेकायचं कसं? प्रसाद आहे! मग त्या ते पाल्याखाली हळूच झाकून ठेवायच्या, वर भक्तिभावानं तांब्याभर पाणी ओतायच्या. मिनल कामावर असायची. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

आधी मुंग्या आल्या. मग भुशातून बारकी काळी चिलटं उठली. ती माझ्या जाळीतून निघून थेट बाबारावांच्या चहात जायची.

"चहात चिलट, भाजीत चिलट!" बाबाराव गरजले. "बोलाले तोंड उघडलं का आतमंधी चिलट! येत्या रविवारी भंगारवाला बलावतो. कूलर त्याले, अन् कासव ज्याचं त्याले वापस!"

"बाबा, ती मैत्रीण हॉस्टेलमध्ये राहते. सायेब कुठं जाईल?"

"माह्या चहात तं नाही नं जाणार!"

"रविवारपर्यंत चिलटं हटली नाहीत तर मीच उचलून देईन कूलर," मिनल म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. माझा तर बंदच होता.

तिनं सायेबाला टबात बसवलं आणि माझ्या पोटात हात घातला. पाल्याखालचा शिरा बाहेर आला तेव्हा प्रयागबाई तुळशीकडे बघत होत्या. मिनलनं सगळा भुसा काढून फेकला, मला गरम पाण्यानं धुतलं, उन्हात तोंड करून वाळवलं. नवा भुसा भरला, तो खालून ओला आणि वरून कोरडा, कारण चिलटं वरच्या ओल्या थरात अंडी घालतात. सायेबाचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर बाहेरून चिकट पट्ट्या लावल्या. मग कुंड्या उचलून, हात लावला की गोळी होतात ते किडे गोळा केले आणि माझ्या भुशात सोडले. सडकं ते खातात, कासवाला काही करत नाहीत.

"किडे हटवाले किडे सोडून राहिली?" बाबारावांनी कपाळावर हात मारला. "हे पोरगी शिकली कुठं वं?"

"तुमीच धाडली होती शाळेत," प्रयागबाई म्हणाल्या.

आता जरा बाबारावांविषयी. उमरेडच्या एका कृषी केंद्राच्या काउंटरवर त्यांचा जन्म गेला. कपाशीवर काय, तुरीवर काय, त्यांनी आयुष्यभर एकच वस्तू विकली, आणि आमच्याकडे त्या वस्तूला औषध म्हणतात. खोकल्याचं ते औषध, आणि अळी मरते तेही औषधच. एवढी मोठी भाषा, पण इथं तिनं काटकसर केली.

दुसऱ्या दिवशी कामावर निघताना मिनल दारातून ओरडली, "बाबा, दुपारी सायेबाचं औषध तेवढं टाकून द्या! विसरू नका!"

तिला म्हणायचं होतं कॅल्शियमची भुकटी, भोपळ्याच्या फोडीवर चिमूटभर. पण बाबारावांचा चेहरा असा उजळला, जणू लेकीला अखेर अक्कल आली. दुपारी ते पाठीला फवारणीचा पंप बांधून, तोंडाला गमछा गुंडाळून माझ्यासमोर उभे राहिले. सायेब आत डोळे मिटून बसला होता. दर्प माझ्या जाळीपर्यंत आला आणि मला कळलं की याच्या पाठीवरचं कवच या फवाऱ्यापुढे काही कामाचं नाही.

मित्रांनो, मला हात नाहीत. पंख्याच्या जाळीची एक कडी तेवढी आहे, आणि फवाऱ्याची नळी भुशापर्यंत न्यायची तर ती उघडावीच लागते. ती मी सोडली नाही.

बाबारावांनी ओढली, मी धरली. त्यांनी पेचकस लावला, मी धरली. त्यांनी एक ठेवणीतली शिवी दिली, ती मी गिळली आणि धरली. लोक म्हणतील, गंज. म्हणोत. आमच्यात त्याला बाणा म्हणतात. एवढी वर्षं हुकूम झाला की वारा सोडला. या माणसाचा एवढा एक हुकूम मी मोडणार होतो, तुकडे झाले तरी!

ठोकाठोकीनं प्रयागबाई धावत आल्या. हातात भोपळ्याची ताटली होती.

"काय करून राहिले हो?"

"पोरीनं औषध टाकाले सांगतलं."

"औषध तं हे हाय! फोडीवर टाकाचं! हे काय बांधून आले पाठीवर?"

"थे औषध? मंग चिलटं कशानं मरतीन?"

"चिलटं मरतीन, अन् संगं सायेबही मरन! काउंटरवर कास्तकारायले कोण सांगत होतं, औषध मारलं त्या वावरात गाय सोडू नका म्हणून? तुमीच नं? मंग हे जनावर नाही का?"

बाबारावांनी जाळीतून आत पाहिलं. सायेबानं मान बाहेर काढली होती आणि त्यांच्याकडेच बघत होता, बहुधा भोपळ्यासाठी. बाबारावांनी पंप उतरवला. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले.

मग त्यांनी माझ्या चारी पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या ठेवल्या. त्यांची आई दुधाच्या जाळीच्या कपाटाला तसंच करायची, म्हणजे मुंगी वर चढत नसे. साबण घातला की डासही होत नाहीत. रविवारी भंगारवाल्यानं गल्लीतून हाक दिली. बाबाराव फाटकापाशी गेले, म्हणाले, "काही नाही गा, जाय समोर." चहात त्या दिवशीही एक चिलट होतं. त्यांनी ते बोटानं काढलं आणि चहा प्यायले.

प्रसाद आता एक फोड असतो आणि दिवेलागणीआधी उचलला जातो.

तेव्हा मित्रांनो, ऐका. विष ओतणं सोपं असतं, पोट साफ ठेवणं कष्टाचं. जुन्या वस्तूला मोडीत काढण्याआधी तिच्या आश्रयाला कोण बसलंय ते बघा. मला कुणी हलवायला आलं तर मी पुन्हा अडेन, वाकेन, करकरेन, पण दार उघडणार नाही.

फक्त एक विनंती. 'सायेबाले ओलावा लागते' असं म्हणत बाबाराव हल्ली आपली ओली बनियन माझ्या डोक्यावर वाळत घालतात. ती तेवढी दोरीवर टाकायला सांगा.