पैलवानाच्या रक्ताची साक्ष

श्रीमंत नावाच्या पैलवानाची जीभ त्याच्या अंगापेक्षा तालेवार. अंग केव्हाच सुटलं होतं, तालमीची माती लागून वर्षं झाली होती, पण जीभ रोज शड्डू ठोकायची. एकाहत्तरच्या जत्रेआधी बेलापूरच्या हॉटेलात तिनंच घात केला. "ह्या लालमहंमदाला मी आजबी चितपट करीन, च्या निवायच्या आत!" बोलून गेला पैलवान. लालमहंमद तालमीतला उमदा गडी, दारात उभा राहिला तर उजेड अडायचा. त्यानं अदबीनं हात जोडले. "वस्ताद, मंग जत्रंत हून जाऊ द्या." झालं! गावाला तेवढंच पाहिजे होतं.

घरी येताच पैलवानानं गोठ्याचं दार लावलं आणि बैलांसमोर बैठका काढल्या, पार घामानं निथळेपर्यंत. सकाळी उठतो तर परसाकडला बसायचे वांधे! मांड्यांना हात लावू देईना गडी. आता हा पोरगा सगळ्या गावादेखत आपल्याला उताणा पाडणार, या विचारानं त्याच्या तोंडचं पाणी पळालं. अब्रू वाचवायचा एकच रस्ता दिसला. त्यानं छाती धरली, डोळे फिरवले आणि ओसरीवर अंग टाकलं.

बायको छबूबाईनं असा हंबरडा फोडला की साखर कारखान्याची जीप दारात आली आणि पैलवान थेट श्रीरामपूरच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी छातीला तारा लावल्या. यंत्रातून निघालेल्या पट्टीवर वावगं काही दिसेना. पैलवान मनात म्हणाला, बरं झालं, आता अशक्तपणा सांगायचा आणि जत्रा चुकवायची. पण डॉक्टर पडले चिकट. त्यांनी रक्त काढून नगरला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं आले. "रक्तात एसजीओटी भलतीच वाढलीय."

"एस्टी?" छबूबाई गांगरली. "आवो, आमी तर जीपनं आलो!"

"एस्टी नाही हो बाई. स्नायूच्या आत एक द्रव्य असतं. स्नायूला इजा झाली की ते झिरपून रक्तात येतं. हृदय म्हणजेही स्नायूच. पट्टी कधीकधी फसवते. यांना कूससुद्धा बदलू देऊ नका. आणि मीठ बंद."

पैलवान चाट पडला. थाप आपण मारली आणि आपल्याच रक्तानं तिची साक्ष दिली! खरंच तर काळजाला काही झालं नाही ना, अशी धाकधूक त्यालाच लागली. वर ती अळणी पेज! आणि उशाशी छबूबाई, पोटात अन्न नाही, डोळ्यांचं पाणी खळत नाही. "माझं कुंकू राख रं द्येवा," एवढंच पुटपुटायची. पैलवानाला स्वतःची अशी लाज वाटली की त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

सकाळी डॉक्टर पायावर सूज आहे का ते चाचपत वर सरकले. मांडी दाबली मात्र, पैलवान किंचाळला, "आयायायाया!"

डॉक्टर थबकले. "पैलवान, बैठका काढल्या होत्या?"

पैलवानानं मांडी झटकन आखडून घेतली.

"म्हणजे काळीज मांडीत उतरलंय तर!" डॉक्टर हसू दाबत म्हणाले. "अहो, ते द्रव्य मांडीच्या स्नायूंतूनही येतं. आता खरं सांगा, छाती दुखली होती का?"

व्हय म्हटलं तर अब्रू शाबूत, जत्रा टळली. न्हाई म्हटलं तर लालमहंमद होताच, खबर घ्यायला येऊन बिचारा दारात उभा. पैलवानानं छबूबाईकडं बघितलं. रडून रडून तिचा चेहरा पार उतरला होता.

"न्हाई," पैलवान म्हणाला. "ह्या पोराला भ्यालो मी."

छबूबाईनं पदरानं डोळे पुसले, पेजेची वाटी दाणकन खाली ठेवली आणि दाराकडं वळली.

"लालमहंमद, जा बाबा, तयारीला लाग. मालक येत्यात जत्रंला."

"काकी, पर..."

"पर न्हाई न् बिर न्हाई! सगळ्या गावादेखत पाड त्येंना." तिचा आवाज एकदम भरून आला. "फकस्त हळू आपट रं. मला त्ये जितं घरी न्यायचं हायत."

पैलवानानं पांघरूण तोंडावर ओढलं आणि आत ढसाढसा रडला.