इस्सातचं योइक

रिस्तीनने आईला गाडीत बसवलं, गुडघ्यांवर लोकरीची शाल टाकली आणि पट्टा लावायला वाकली, तर म्हातारीने तिच्या हातावर चापट मारली.

"मी काय उधळलेली रेनडियर आहे, बांधतेस ती?"

"अरे वा, आज स्वारी रंगात आहे!" पुढून नीलास म्हणाला. नीलास हा रिस्तीनचा चुलतभाऊ. साठी ओलांडलेला, जिभेला हाड नसलेला, पण हाकेला धावून येणारा. "काकू, मला ओळखलंस का?"

"न ओळखायला काय झालं? तू तो मासेचोर."

"घ्या! लहानपणी एक मासा उचलला, तो जन्मभर पुरतोय."

रिस्तीन काही हसली नाही. आईच्या, म्हणजे एल्ले म्हातारीच्या डोक्यातून एकेक माणूस उठून चाललं होतं. आधी शेजारीपाजारी गेले, मग नातवंडं गेली, आणि या उन्हाळ्यात खुद्द रिस्तीनही गेली. आता ती कधी 'अहो बाई' असायची, कधी 'सिस्टर'. तेही तिने गिळलं. तिने धसका घेतला होता तो इस्सातचा.

इस्सात तिचा थोरला भाऊ. शाळेच्या वसतिगृहात तापाने गेला, तेव्हा रिस्तीन जेमतेम पाच वर्षांची. त्याचा फोटो नाही. कपडे होते, ते तंबूला आग लागली त्यात गेले. उरलं होतं फक्त त्याचं योइक. आम्हा उत्तरेकडच्या रेनडियरवाल्यांत मूल झालं की घरातलं कुणीतरी त्याला योइक देतं. चार-सहा सूर, शब्द असले तर असले. ते काही त्या मुलावरचं गाणं नसतं, ते मूलच असतं. गायलं की येऊन बसतं तुमच्याजवळ. आणि गाणारं कुणी उरलं नाही, की मग माणूस खरा मरतो. इस्सातचं योइक आईने केलं होतं आणि ते एकट्या आईलाच येत होतं.

बाप योव्ना प्रार्थनासभेत प्रवचनं करायचा. लोक त्याला देवभोळा म्हणत. देवभोळा कसला, देवाचा फौजदार होता तो! योइक म्हणजे सैतानाची शीळ, असं त्याचं मत. घरात चुकून सूर निघाला तर त्या तोंडाला त्या दिवशी अन्न नाही. तेव्हा आई पाणी आणायच्या निमित्ताने बादल्या घेऊन धबधब्यावर जायची आणि तिथे गायची. लहानगी रिस्तीन तिच्या पाठीला कान लावून उभी असायची. ती ऊब आणि पाठीतली ती थरथर तिला आजही जशीच्या तशी आठवत होती. सूर तेवढे विसरले होते, आणि त्याबद्दल तिने स्वतःला कधी माफ केलं नव्हतं.

पुढे वरच्या अंगाला धरण झालं, धबधबा आटला आणि आईचं गाणंही आटलं. बाप मातीआड गेल्यावर रिस्तीनने कितीदा विनवलं, पण म्हातारी एकच म्हणायची, "कसलं योइक? पोरी, चूप!"

आता वीज कंपनी उन्हाळ्यात पर्यटकांसाठी धबधबा सोडते. अर्धा तास पाणी सोडायचं, की दार बंद. आज या मोसमातलं शेवटचं पाणी होतं. आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की म्हातारी पुढचा उन्हाळा काही बघत नाही. रिस्तीनने मनाशी धरलं होतं, पाणी आलं की गाणं येईल. दुसरा उपायच उरला नव्हता.

वाटेतल्या डोंगराला आम्ही आजी म्हणतो. त्या आजीच्या डोंगरापाशी नीलासने गाडी थांबवली. तिथे उतरून डोंगराची विचारपूस केल्याशिवाय आमच्यातलं कुणी पुढे जात नाही. गेलात तर धुकं पाठीस लागतं म्हणतात. रिस्तीनने आईला धरून उतरवलं.

"आई, बघ, आजी."

म्हातारीने मान वर करून डोंगर न्याहाळला. "माझी आजी काही एवढी जाड नव्हती हो."

नीलास खो खो हसला. रिस्तीनने डोंगराला मान झुकवली आणि मनात म्हटलं, तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, आज मागते.

पुढे तळ्याकाठी जुन्या देवाचा दगड होता. योव्नाच्या धाकाने लोक पूर्वी त्याच्याकडे बघायचे नाहीत, पण अंधारात येऊन माशाचं तेल लावून जायचे. रिस्तीनने तेलाची बाटली उघडली मात्र, आईने ती हातातून ओढून घेतली, ओंजळीत तेल ओतलं आणि दगडाच्या खांद्यावरून हात फिरवू लागली, तान्ह्या पोराला चोळावं तसा.

"हातांना आठवतंय गं," नीलास हळूच म्हणाला. आता त्याच्याही आवाजात थट्टा नव्हती.

"गळ्यालाही आठवेल," रिस्तीन म्हणाली. तिला एकदम रडूच आलं.

धबधब्यावर पोचले तेव्हा कठड्यापाशी रंगीबेरंगी कोटांची गर्दी जमली होती. खाली उघडाबोडका कातळ. म्हातारीने तो बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय? कोण गेलं इथे?"

"कुणी नाही गेलं. पाणी येतंय, आई. जरा थांब."

भोंगा वाजला. आधी कातळावरून एक पांढरी रेघ उतरली, मग दुसरी, आणि बघता बघता सगळी नदी कड्यावरून कोसळायला लागली. पायाखालची फळी थरथरली, तुषार तोंडावर आले. बोललेलं ऐकू येईना. एल्ले म्हातारी बाकावरून उठली. कुणाचा हात न धरता कठड्यापर्यंत गेली, डोळे मिटले आणि तिचे ओठ हलायला लागले.

गात होती ती! गळ्याची शीर तटतटली होती, हनुवटी सुरासरशी वर-खाली होत होती. रिस्तीन धावली. आईच्या तोंडाशी कान नेला. पाणी. नुसतं पाणी. "मोठ्यानं, आई, मोठ्यानं!" ती ओरडली, पण तिचं ओरडणं तिलाच ऐकू आलं नाही. नीलासने फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तो म्हातारीच्या ओठांशी धरला. तिने माशी हाकलावी तसा तो बाजूला सारला आणि गात राहिली.

शेवटी रिस्तीन तिच्या मागे गेली आणि वाकून पाठीला कान लावला. तीच ऊब. तीच थरथर. आणि कानात तोच धबधबा. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. ती विसरली नव्हती. साठ वर्षं तिने उगाच स्वतःला बोल लावला होता. तिने इस्सातचं योइक कधी ऐकलंच नव्हतं. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तर आई इथे येत होती!

भोंगा पुन्हा वाजला. पाणी ओसरू लागलं, आणि जसजसा आवाज उतरला तसतसे म्हातारीचे ओठ मंदावले. कातळ उघडा पडला तेव्हा ते घट्ट मिटले होते. पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या.

"गा ना, आई," रिस्तीनने तिचे दोन्ही हात धरले. "एकदाच. पाया पडते तुझ्या. हळू गा, माझ्या कानात गा."

आईने घाबरून इकडेतिकडे पाहिलं आणि रिस्तीनच्या ओठांवर बोट ठेवलं. "श्श! योव्ना ऐकेल."

"बाबा केव्हाच गेले गं! कोणी नाही इथे!"

"तो ऐकतो," म्हातारी म्हणाली. मग जवळ सरकून, गुपित सांगावं तसं कुजबुजली, "पण आज आला होता हं. चांगला धडधाकट झालाय."

"इस्सात? कसा दिसत होता? आई, सांग ना, कसा होता?"

आईने तिच्याकडे बघितलं. नजर अगदी स्वच्छ होती आणि तीत काहीच नव्हतं.

"कोण इस्सात, अहो बाई?"

नीलासने फोन कानाला लावून पाहिला. त्यातही नुसतं पाणीच होतं. त्याने तो खिशात टाकला. दोघांनी मिळून म्हातारीला गाडीत बसवलं, आणि या वेळी तिने पट्टा निमूट लावू दिला.

परतताना आजीच्या डोंगरापाशी नीलासने सवयीने गाडी हळू केली.

"थांबू नकोस," रिस्तीन म्हणाली.

"अगं, पण धुकं..."

"येऊ दे. चल तू."