पुसलेली ओळ

कॉलेजच्या फाटकासमोर टायपिंगचं एक चिंचोळं दुकान होतं. आत दोन संगणक, एक प्रिंटर, स्पायरल बाइंडिंगचं यंत्र आणि या सगळ्यांना पुरून उरणाऱ्या काकू. त्यांची पुतणी समोरच्याच कॉलेजात, शास्त्र शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचं ऐकून सगळं कॉलेजच त्यांना काकू म्हणू लागलं होतं.

गणित टाइप करणं हे येरागबाळ्याचं काम नाही. घातांक वर, लहान अंक खाली, कंसात कंस, त्यात अपूर्णांक. भलेभले टायपिस्ट तिथे हात टेकतात. काकू बारावीपर्यंत शास्त्र शिकलेल्या, त्यामुळे त्यांना काय लिहिलंय ते कळायचंही. म्हणूनच गणिताचे सर आपल्या नोट्सचं काम दरवर्षी त्यांच्याकडेच आणत.

काम ठरलेलं असे. सरांनी दिलेल्या पेनड्राइव्हमधली स्कॅन केलेल्या पानांची फाइल उघडायची, सगळी पानं नव्याने टाइप करायची, मथळे बदलायचे, प्रत्येक पानावर ठळक अक्षरांत सरांचं नाव टाकायचं. त्या नोट्स सर मग विद्यार्थ्यांना विकत. मूळ पानांच्या तळाशी एक ओळ असायची : ‘हे साहित्य सर्व विद्यार्थ्यांसाठी मोफत आहे. चूक आढळल्यास कळवा.’ तिच्याखाली एका वेबसाइटचा पत्ता, एका निवृत्त शिक्षिकेचं नाव आणि फोन नंबर.

पहिल्या वर्षी काकूंनी विचारलं होतं, “सर, ही खालची ओळ?”

“काढून टाका. पान मोकळं दिसेल.”

काकूंनी काढली. आपण टायपिस्ट. अर्ज असो की लग्नाची पत्रिका, सांगितलं ते छापायचं. नसत्या चौकशा कशाला? दुसऱ्या वर्षी त्यांनी विचारलंही नाही. बोटं आपणहून ती ओळ गाळून पुढे जाऊ लागली.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी पुतणी दुकानात आली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर वही मांडीवर घेऊन काहीतरी उतरवत बसली. दोन तास झाले तरी मान वर नाही. काकूंनी जवळ जाऊन पाहिलं. मैत्रिणीकडून मागून आणलेल्या सरांच्या नोट्स! पोरगी पानामागून पान हाताने उतरवून काढत होती. अंगठ्याजवळचं बोट दाबून दाबून लाल झालं होतं.

“अगं, हे काय? विकत का नाही घेतल्यास?”

“बाबांना सांगितलंच नाही मी. आधीच ते दोन पाळ्या करतात.” पुतणीचे वडील, म्हणजे काकूंचे धाकटे दीर, एका गोदामावर पहारेकरी होते. “पण उद्या परत करायच्यात. सर वर्गात म्हणाले, ज्यांच्याकडे नोट्स नाहीत त्यांनी मागे बसा, आणि अंतर्गत गुणांची आशाही ठेवू नका. आम्ही नऊ जणी मागे बसतो.”

“हसत म्हणाले असतील.”

“हसतच म्हणाले. पण मागच्या वर्षी गुण खरंच कापले, काकू. म्हणून मी गणित सोडायचं ठरवलंय. दुसरा विषय घेईन.”

लहानपणी पाढे म्हणत म्हणत झोपी जाणारी ही मुलगी गणित सोडणार? तेवढ्यात पुतणीने पानावरून हात फिरवला आणि अगदी मनापासून म्हणाली, “पण काही म्हणा, सर हुशार आहेत हं! एकेक पायरी किती सोपी करून सांगितलीय. एवढं सगळं एकट्याने लिहायचं म्हणजे...”

हे ऐकताच काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या मुलीला त्यांनी कडेवर खेळवलं, ती बोटं दुखवत जे उतरवत होती, ते सगळं एका पत्त्यावर फुकट होतं. आणि तो पत्ता पुसणारे हात कोणाचे? त्यांचेच!

“ठेव ती वही,” त्या म्हणाल्या. त्यांनी संगणकावर तो पत्ता टाकला. पाठोपाठ पानं उघडत गेली. गणित, भौतिकशास्त्र, सोडवलेली उदाहरणं, जुन्या प्रश्नपत्रिका, समजावून सांगणारे व्हिडिओसुद्धा. पुतणी आधी हरखली, मग तिच्या लक्षात आलं, की सरांच्या नोट्स तर काकूच टाइप करतात. तिने वळून पाहिलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

काकूंनी मान खाली घातली.

पुतणी एक शब्द न बोलता वही उचलून निघून गेली. त्या मुकाट जाण्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

काकूंनी शटर अर्धं खाली ओढलं आणि तळाच्या ओळीतला फोन नंबर लावला. पलीकडे एका वयस्कर बाईंचा खणखणीत आवाज आला. काकूंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. बाई रागावतील, पोलिसांत जाईन म्हणतील, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती.

“माझं नाव काढलं त्याचं मला काही नाही गं,” बाई म्हणाल्या. “नावाने कुणाचं गणित सुटत नाही. पण ‘मोफत’ हा शब्द का काढला? चाळीस वर्षं मी फळ्यासमोर उभी होते. दरवर्षी चारदोन मुलं अशी असायची, की डोकं तल्लख, पण पुस्तक घ्यायची ऐपत नाही. त्यांच्यासाठी निवृत्त झाल्यावर लिहायला बसले. नेमकी तीच मुलं आज मागच्या बाकावर बसवलीत तुम्ही लोकांनी!”

“मी फक्त टायपिंग करते हो, बाई.”

“फक्त! गोफण फिरवणारा म्हणतो, दगड मी नाही मारला, दोरीने मारला. बरं, एक सांग. तू गणितं टाइप करतेस, कधी चूक सापडली का माझी?”

काकू चाचरल्या. “एकदा सापडली होती. साइनचं इंटिग्रेशन होतं, तिथे ऋण चिन्ह राहिलं होतं. पुढच्या ओळीत बरोबर होतं. मी सरांच्या नोट्समध्ये दुरुस्त केलं.”

“कधी?”

“पहिल्याच वर्षी.”

“म्हणजे तीन वर्षं,” बाई सावकाश म्हणाल्या, “जगभरची मुलं माझ्यामुळे त्या उदाहरणाशी अडखळतायत, आणि बरोबर उत्तर फक्त विकत घेणाऱ्यांना मिळतंय. अगं, चूक कळवा म्हणून मी नंबर दिला होता! फुकटची वस्तू घेतली तर ती चोरी नसते. घेऊन वर तिची वाट बुजवली, की मग चोरी होते. लक्षात ठेव.”

काकूंच्या अंगाची लाही लाही झाली. रागाचा पहिला घोट स्वतःवरचा होता, दुसरा सरांवरचा.

चार दिवसांनी सर नोट्सच्या पुढच्या भागाची प्रत न्यायला आले. दुकानात पाचसहा विद्यार्थी प्रिंटसाठी ताटकळत होते. सरांनी पानं चाळली आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली.

“ही खालची ओळ परत कशी आली?”

“परत नाही आली सर. ती तिथलीच आहे. मी काढत होते, ते थांबवलं.”

“काकू, तुम्ही टायपिस्ट आहात. टायपिस्टसारखं राहा.”

“राहतेच आहे. म्हणून सांगते, यातली प्रत्येक ओळ माझ्या हाताखालून गेलीय. यातलं एक अक्षर तुमचं असेल तर बोट ठेवून दाखवा. आत्ता, या मुलांसमोर ओळ काढते!”

सर चपापले. “मी मुलांपर्यंत पोचवतो. पोचवण्याला काही किंमत आहे की नाही?”

“शिकवण्याचा पगार तुम्हाला मिळतो. आणि पोचवता कसलं, तुम्ही तर अडवता! दुसऱ्याने गावासाठी विहीर खणली, आणि तुम्ही काठावर पाणी विकायला बसलात. वर तहानलेल्याचे गुणही कापता!”

रांगेतला एक मुलगा पुढे झाला. “काकू, म्हणजे या नोट्स फुकट मिळतात?”

“पहिल्या दिवसापासून. आणि तुम्हाला ते कळू नये म्हणून ही ओळ पुसणारी मीच. तुमच्यासमोर कबूल करते.”

सर पानं आपटून निघून गेले. “तुमच्याकडे कॉलेजचा एक कागदसुद्धा येणार नाही, बघाच!” असं जाता जाता बजावून गेले, आणि बोलले तसं केलंही. त्या वर्षी काकूंचा एक संगणक बरेच दिवस झाकलेलाच राहिला.

पण बोललेला शब्द आता फाटकाच्या आत शिरला होता. मागच्या बाकावरच्या नऊ जणींनी प्राचार्यांना अर्ज लिहिला. तो टाइप करून घ्यायला पुतणी स्वतः काकूंकडे आली. अबोला तिनेच मोडला.

“काकू, कडक भाषेत लिहा हं.”

“तू सांग, मी टाइप करते,” काकू म्हणाल्या, आणि मग हसून, “आणि पटलं नाही तर विचारीनही.”

चौकशी झाली. नोट्सवरून गुण कापणं बंद झालं. बाईंच्या वेबसाइटचा पत्ता ग्रंथालयाच्या दारावर लागला. सरांनी चूक तोंडाने कबूल केली नाही. पण नऊही जणी आता पुढे बसतात आणि शंका विचारून त्यांना घाम फोडतात. पुतणीने गणित सोडलं नाही.

वाचकहो, शिकू पाहणाऱ्या मुलांसाठी कितीतरी माणसं आपलं ज्ञान आज मोकळ्या हाताने मांडून ठेवतायत. आपल्या घरातल्या मुलाला कुणी ‘हे माझ्याकडेच मिळेल’ म्हणालं, तर आधी शोधा, विचारा, आणि सापडलं की शेजारच्या मुलालाही सांगा. आणि आपल्यापैकी जे कुणाच्या सांगण्यावरून शिक्के मारतात, कागद छापतात, नावं गाळतात, त्यांनी ‘मी तर फक्त हुकमाचा ताबेदार’ म्हणून हात झटकू नयेत. अन्याय करणारा एकटा असतो. त्याला हात आपण पुरवतो. ते हात ज्या दिवशी थांबतील, त्या दिवशी त्याला स्वतःचे हात काळे करावे लागतील, आणि तेवढी हिंमत फार थोड्यांत असते!