कासवाच्या वाट्याची भाकरी

बोरीच्या धोंडीबानं गल्लीच्या विहिरीत कासव सोडलं, त्याला तीस वर्षं झाली होती. कासवानं पाणी साफ राहतं, ही त्याची ठाम समजूत. मेंढरं चारून आला की तो आधी विहिरीत डोकावायचा, मग घरात शिरायचा.

म्हणून आरोग्य केंद्राची आशाताई शुभदा पिशवीत गप्पी मासे घेऊन आली, तेव्हा त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे नखाएवढे? आमचं कासव परातीएवढं हाय!"

"मामा, तुमचं कासव डासाच्या अळ्या वेचतं का? हे दिवसभर तेच करतात. महिन्या-महिन्याला पिल्लं देतात. कासवानं तीस वर्षांत काय केलं?"

"गप बसलं. लय अवघड असतंय ते."

"तुमाला कुठं जमलं?" त्याची बायको भिवराबाई म्हणाली, आणि सारी गल्ली हसली.

मासे सोडले. पण पंधरा दिवसांत कासवानं ते फस्त केले, तर कासवाची रवानगी नदीत, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं.

धोंडीबाला घास गोड लागेना. उपाशी कासव माशांवर तुटून पडणारच! मग त्याला सुचलं. रोज सकाळी, कुणी पाण्याला यायच्या आत, तो ज्वारीच्या दोन भाकरी विहिरीत कुस्करून टाकू लागला. पोट भरलेलं जनावर शिकार कशाला करील?

पंधराव्या दिवशी शुभदानं बादली शेंदली, पाणी पांढऱ्या ताटात ओतलं. ताटात अळ्या वळवळत होत्या.

"खाल्ले की मासे," कुणीतरी म्हणालं.

शुभदानं आरशानं उन्हाची तिरीप विहिरीत पाडली. कासव वर आलेलं, आणि त्याच्या पाठीवरचं शेवाळ टिपत शे-दीडशे गप्पी! पोटं टम्म फुगलेली. धोंडीबा कठड्याशी वाकताच सगळी झुंड त्याच्याकडे पळाली. मागून कासव, मान वर करून.

"मासे तर दुप्पट झालेत! मग अळ्या का खाईनात?" शुभदा चक्रावली.

"कशाला खातील?" भिवराबाईनं कमरेवर हात ठेवले. "रोज दोन भाकरी टोपल्यातून गायब व्हायल्यात. मी बिचाऱ्या मांजरीला बडवायलेय!"

धोंडीबानं उगीच पागोटं नीट केलं.

"कासव राहू द्या," शुभदा हसू आवरत म्हणाली. "भाकरी मात्र बंद."

"मग ते खाईल काय?"

"तीस वर्षं काय खात होतं?"

धोंडीबा हळूच म्हणाला, "अर्धी चालंल का? नुसती सणासुदीला?"