गर्दीत तापणारी गाडी

बाई गाडी चालवायला शिकल्या त्या बासष्टाव्या वर्षी, नवरा जाऊन चार महिने झाल्यावर. तीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेली, त्यामुळे शिकणं म्हणजे काय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आधी भरपूर चुकायचं, मग जरा कमी चुकायचं. क्लासच्या गाडीवर हात बसला, परवाना मिळाला, आणि मग त्यांनी दारात धूळ खात उभी असलेली नवऱ्याची गाडी बाहेर काढली. पंधरा दिवसांत ती तीनदा तापली.

पहिल्यांदा तापली तेव्हा एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून नुसती मान हलवली. "इंजिन गेलं समजा." दुसऱ्यांदा दुसऱ्या एकाने बॉनेट न उघडताच विचारलं, "काकू, क्लचवर पाय ठेवून चालवता का?" परगावचा मुलगा फोनवर म्हणाला, "आई, कशाला नसता उपद्व्याप? विकून टाक. टॅक्सीने जात जा ना." तो प्रेमानेच म्हणाला, पण बाईंना ते झोंबलं.

तिसऱ्या वेळी गाडी भर चौकात तापली. सिग्नल लागला होता, पुढे रांग, मागे रांग. तापमानाचा काटा बघता बघता लाल पट्ट्यात शिरला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ निघायला लागली. मागच्यांनी हॉर्नचा नुसता कल्ला केला. तेवढ्यात समोरच्या गॅरेजातून निळ्या डगल्यातली, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली एक पस्तिशीची बाई रस्ता ओलांडून आली आणि खिडकीत वाकली.

"आधी इंजिन बंद करा. गिअर काढा. आणि झाकणाबिकणाला हात लावू नका, भाजेल. आम्ही ढकलतो."

गॅरेज तिचंच होतं. तिने गॅरेजातल्या पोरांकडून गाडी ढकलत सावलीत आणवली, बाईंना स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि स्वतः समोर एका जुन्या टायरवर बसली.

"बघत नाही का तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"गार होऊ दे. तोवर तुम्ही सांगा. तापते कधी?"

हा प्रश्न बाईंना आजवर कोणी विचारला नव्हता. त्या जरा सावरून बसल्या. "मोकळ्या रस्त्यावर नाही तापत. तिथे अगदी शहाण्यासारखी चालते. गर्दीत अडकली की दहा मिनिटांत डोकं फिरतं तिचं."

"तिन्ही वेळा असंच?"

"तिन्ही वेळा. मीच काहीतरी चुकते आहे."

"तुम्ही नाही चुकत, मावशी." गॅरेजवाली हसली. "गाडी पळते तेव्हा समोरचा वारा रेडिएटरला गार ठेवतो. उभी राहिली की वारा बंद. मग ते काम पंख्याने करायचं. तुमचा पंखा काम करत नसणार. अजूनही काही असेल, बघू."

तासाभराने तिने रेडिएटरच्या झाकणावर जाड फडकं टाकलं आणि ते हळूच फिरवलं. आतलं पाणी चांगलं वीतभर खाली गेलं होतं. तिने पाणी भरलं, तोंडाला एक हातपंप बसवून आत दाब दिला आणि पंपावरच्या काट्याकडे बघत राहिली. काटा सावकाश उतरायला लागला, म्हणजे कुठेतरी गळत होतं. मग ती टॉर्च घेऊन गाडीखाली सरकली.

"सापडलं," खालून आवाज आला. "खालच्या पाइपाचा क्लॅम्प, पाइप आवळणारी पट्टी. थेंब थेंब गळतोय. आणि ही गळती आजची नाही मावशी. पांढरा थर धरलाय, खरवडून निघत नाही. चार-पाच वर्षं तरी झाली असतील. कोणीतरी रोज पाणी घालत असणार, नाहीतर एवढी चाललीच नसती."

बाईंना आठवलं. कुठेही जायचं असलं की नवरा दहा मिनिटं आधी खाली जायचा. हातात पाण्याची बाटली.

"मी समजत होते, चोरून सिगारेट ओढतात," त्या म्हणाल्या. "सोडली म्हणून शपथ घेतली होती त्यांनी. मी कधी विचारलं नाही. म्हटलं, जाऊ दे, एवढं तरी सुख असू दे माणसाला."

गॅरेजवाली गाडीखालून बाहेर आली आणि दोघी एकदमच हसल्या. बाईंचं हसू मध्येच अडलं. त्यांनी पदराने नाक पुसलं.

क्लॅम्प बदलून झाला. मग गॅरेजवालीने इंजिन चालू करून तसंच राहू दिलं. वरचा पाइप तापला, थोड्या वेळाने खालचाही तापला. म्हणजे पाणी फिरत होतं. काटा अर्ध्यावर आला, अर्ध्याच्या वर गेला. पंखा मात्र ढिम्म. तिने इंजिन बंद करून पंख्याला बॅटरीवरून थेट वायर जोडली, तर तो भर्रकन फिरला.

"पंखा ठणठणीत आहे. पाणी तापलं की पंख्याला 'चल' म्हणून सांगणारा एक सेन्सर असतो, तो मेलाय." ती बोलता बोलता थांबली. "पण ही वायर कुठे चालली? ही कंपनीची नाही."

एक तांबडी वायर पंख्याच्या रिलेपासून, म्हणजे त्याची वीज चालू-बंद करणाऱ्या डबीपासून, निघून आत गेली होती. दर वीतभर अंतरावर बांधलेली, जोडावर टेप इतकी नीट गुंडाळलेली की एक घडी वाकडी नव्हती.

"तुमचे मिस्टर वायरचं काम करायचे?"

"टेलिफोनच्या ऑफिसात होते. पस्तीस वर्षं."

"वाटलंच. असा जोड माझ्याच्याने होत नाही."

वायरचा माग काढत तिने स्टिअरिंगखाली हात घातला आणि बाईंचा हात धरून तिथे नेला. बाईंच्या बोटांना एक गोल बटण लागलं. "हे दाबलं की पंखा सुरू," ती म्हणाली. त्यांनी वाकून पाहिलं. त्यांच्या पलंगाजवळच्या दिव्याचं बटण होतं ते. दिवा बिघडला तेव्हा ते टाकून दिलं असं नवऱ्याने सांगितलं होतं.

गाडी गर्दीत थांबली की नवऱ्याचा हात गुडघ्याजवळ जायचा. गुडघा दुखतो म्हणायचे. बाई घरी आल्यावर तेल गरम करून द्यायच्या, आणि तेही निमूट चोळून घ्यायचे.

"काय माणूस!" बाईंना एकाएकी राग आला. "एक शब्द बोलायचा होता ना! मी किती वर्षं मागे लागले होते, मला शिकवा म्हणून. दर वेळी तेच. 'ही गाडी तुला नाही जमणार.' मला नाही जमणार! अख्ख्या शाळेला शुद्धलेखन शिकवलं मी."

गॅरेजवाली हात पुसत होती. "काय म्हणायचे? परत सांगा."

"ही गाडी तुला..." बाई थांबल्या. तीस वर्षं त्यांनी मुलांना सांगितलं होतं, वाक्यात जोर कुठल्या शब्दावर आहे ते आधी बघा. इतकी वर्षं त्यांना 'तुला' तेवढं ऐकू आलं होतं.

"ही गाडी," त्या हळूच म्हणाल्या. "तसं म्हणायचं असेल का हो त्यांना?"

गॅरेजवालीने हातातलं फडकं बाजूला ठेवलं. "ते मला गाडीवरून नाही कळत, मावशी. गळती कळते, वायर कळते. एवढं सांगते, ज्याने हे केलं त्याला ही गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची भीती वाटली असणार. बटण विसरलं की खेळ खलास."

बाई ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसल्या. राग गेला नव्हता, पण आता त्याला बसायला जागा मिळाली होती.

"नवा सेन्सर घाला," अखेर त्या म्हणाल्या. "आणि ही वायर काढा. जपून काढा, तोडू नका."

दुपारी दोघी गाडी घेऊन निघाल्या, बाई चालवायला, गॅरेजवाली शेजारी. बाजाराच्या रस्त्यावर एक ट्रक आडवा लावून कोणी कपाटं उतरवत होतं. सगळी रांग ठप्प. पाच मिनिटं झाली, आठ झाली. काटा अर्ध्यावर आला, अर्ध्याच्या जरा वर सरकला. बाईंची नजर काट्यावरून हटेना. गॅरेजवालीही पुढे वाकून बघायला लागली.

आणि समोरून, कोणी काही न करता, पंख्याची घरघर सुरू झाली. काटा क्षणभर तसाच राहिला, मग मागे आला.

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. गॅरेजवाली खिडकीबाहेर बघत राहिली, कपाटं मोजल्यासारखी.

ट्रक हलला. मागच्याने हॉर्न दिला.

"निघते रे बाबा, जरा दम धर!" बाईंनी आरशात बघून त्याला बजावलं, गिअर टाकला आणि गाडी अलगद पुढे काढली.

गॅरेजकडे जायचं वळण आलं आणि गेलं.

"मावशी, वळायचं होतं."

"दिसलं मला," बाई म्हणाल्या. "तुम्हाला घाई नाही ना? पुढचाही चौक गर्दीचा आहे."