गृहस्थ घरून निघतात

शालूनं चिंचोका पाटीच्या मधोमध ठेवला, पूर्वेकडे तीन बोटं सरकवला आणि थांबली. समोर सुपात गहू निवडत बसलेल्या, तिला शाळेत शिकवलेल्या गुणमालाबाईंनी कागदाकडे न बघताच पुढचं सांगितलं.

"उजवीकडे वळून चार मैल जातो. पुन्हा उजवीकडे वळून तीन मैल. आता तो घरापासून किती मैलांवर, आणि कोणत्या दिशेला?"

चिंचोका हलला, वळला, पुन्हा वळला.

"चार मैल. उत्तर."

"चार मैल बरोबर. दिशा चुकली. तुझं उत्तर सारखं उत्तरच कसं गं येतं?"

शालू हसली, पण पदराच्या टोकानं पाटी पुसताना तिचा हात जरा जोरात फिरला.

पंचेचाळीस सालचा वैशाख होता. त्या वेळच्या सांगलीत दुपारी इतकी सामसूम असे, की नदीकाठी कपडे आपटणाऱ्या बायकांचा आवाज बाईंच्या पडवीपर्यंत यायचा. पडवीला नुकतंच सारवलेलं असायचं. त्या गारव्यावर पाटी घेऊन बसलं, की शालूला चौथीत असल्यासारखं वाटायचं. लग्न, सासर, लढाई हे सगळं अजून व्हायचं आहे असं वाटायचं.

साताऱ्याला बायकांच्या मास्तरकीच्या ट्रेनिंगची प्रवेश परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. त्या साली बुद्धीचा म्हणून एक नवाच पेपर निघाला होता. तासाभरात तीस प्रश्न, त्यातले पंचवीस बरोबर यायला हवेत. बाईंनी ओळखीनं नमुन्याची चार पानं मिळवली होती. आकड्यांची कोडी शालू चुटकीसरशी सोडवायची. अडायची ती दिशांपाशी. आणि दिशांचे पाच तरी प्रश्न येणार होते.

एकदा चुकलं की पुन्हा बसायला मिळणार नव्हतं. कराडजवळच्या वाडीतल्या सासूनं, अंबूबाईनं, तिला एवढ्याच उन्हाळ्यापुरतं सांगलीला बाईंकडे सोडलं होतं. नंबर लागला नाही तर पाटी-पुस्तक बंद. शालूला खुरप्याची भीती नव्हती, घराची होती. तिचा नवरा सयाजी पलटणीतून इटलीला गेला होता आणि हिवाळ्यात सरकारी कागद आला होता : बेपत्ता. तेव्हापासून तिला काय समजावं हे कुणालाच कळत नव्हतं. कपाळाचं कुंकू होतं तसंच होतं. पण हळदीकुंकवाला आलेली बाई करंडा पुढं करताना क्षणभर घुटमळायची. तेवढा क्षण शालूला सोसत नव्हता. मास्तरीण झाली, तर निदान लोकांना हाक मारायला एक नाव सापडणार होतं.

"आता तूच मोठ्यानं वाच," बाई म्हणाल्या.

"एक गृहस्थ घरून निघतात. त्ये पश्चिमेला दोन मैल जात्यात..."

"निघतात काय? गृहस्थ एकच आहे. निघतो म्हण, जातो म्हण."

"व्हय बाई. एकच हायत."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. शालू मान खाली घालून चिंचोका सरकवत होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिचे डावे-उजवे तपासले.

"उजवा हात कुठला?"

"ज्येवायचा."

"आणि डावा?"

"आता त्यो बी सांगू व्हय, बाई?" शालू पदर तोंडाला लावून हसू लागली. बाईंनाही हसू आवरेना.

मग त्यांनी पडवीपुढच्या अंगणात रांगोळीनं चार दिशा काढल्या आणि शालूला मध्ये उभं केलं. त्या सांगतील तशी ती चालणार होती. पूर्वेला तीन पावलं ती नीट चालली.

"आता उजवीकडे वळ. चार पावलं."

शालू वळली ती डावीकडे. तोंड उत्तरेला केलं आणि उलट्या पावलांनी, मागं न बघता, एक-एक करत दक्षिणेकडे सरकू लागली. तिसऱ्या पावलाला तिची टाच तुळशीच्या कट्ट्यावर आपटली.

बाईंनी तिला हाताला धरून कट्ट्यावर बसवलं. टाच सोलवटली होती.

"दक्षिणेला तोंड करायचं नाही, होय ना?"

शालू टाच चोळत राहिली.

"आत्याबाईंनी सांगितलंय. त्यो कागद आला तवापास्नं. ती येमाची दिशा. घरात कुनी तिकडं तोंड करून जेवत न्हाई, बसत बी न्हाई. ह्यांचा फोटू हुता भिंतीवर, त्यो दक्षिणेला बघायचा. आत्याबाईंनी दुसऱ्या भिंतीला लावला." तिनं पडवीतल्या पाटीकडे पाहिलं. "मला ठावं हाय बाई, ह्यो चिंचोकाच हाय. पर बोट वळत न्हाई."

गुणमालाबाईंनी एकेकाळी असे सगळे नेम पाळले होते. त्यांचे यजमान तरीही विषमज्वरानं गेले होते. ते सांगण्यात अर्थ नव्हता. त्या आत गेल्या आणि हळद घेऊन आल्या.

शनिवारी शालूचे सासरे नाथाजी आले. कराडहून रेल्वेनं आले होते, बगलेत गुळाची ढेप, डोक्याला खाकी फेटा. पहिल्या लढाईत ते बसऱ्याला होते आणि हवालदार होऊन परतले होते. सून परीक्षेला बसावी म्हणून घरात बायकोशी भांडलेले तेवढे एकटेच. पडवीत टेकून त्यांनी तांब्याभर पाणी वरूनच घशात ओतलं.

"काय म्हंत्या आमची मास्तरीन?"

"अजून झाली नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "हवालदार, तुम्ही बसऱ्याहून घरी कसे आलात?"

"आवं बाई, चालत न्हाई आलो!" नाथाजी मोठ्यानं हसले. "बोटीनं म्हमई. म्हमईस्नं पुनं. पुन्यात गाडी बदलली. लोणंदला उतरून च्या प्यालो. च्यावाला म्हनला, पावनं कुठलं? आमचं बोलनं ऐकलं आन् पैसंच घेईना, गडी वाठारचा निघाला. तितनं फुडं झोप कसली येतीया? साऱ्या वाटंनं दारात उभा."

"गाडीचं तोंड कुठं होतं तेव्हा?"

"कुठं म्हंजे? आपल्या मुलखाकडं. खालतीकडं."

"म्हणजे दिशा कुठली?"

"ह्ये काय इचारनं झालं, बाई? दक्षिणेला की! आमच्या गावाला यायचं तर दक्षिणेलाच तोंड करून यावं लागतंय. उत्तरेला तोंड करून बसला, तर मानूस पुन्याला न्हाई का परत जायाचा?"

ते पुन्हा हसणार होते. तेवढ्यात त्यांना आतल्या दारात उभी असलेली सून दिसली. डोईवर पदर, हातात चहाचा पेला; ती उंबरा ओलांडायची विसरली होती. नाथाजींनी फेटा काढून मांडीवर ठेवला. काय बोललं गेलं हे त्यांना पुरतं कळलं नसावं, पण काहीतरी लागलं एवढं कळलं.

"सगळ्यांचीच वाट ती हाय, पोरी," ते हळू म्हणाले. "आमच्या सयाजीची बी."

शालूनं पेला त्यांच्यापुढं ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

नाथाजी परत गेल्यावर ती पाटी घेऊन बसली. बाईंनी पानं तिच्याकडे सरकवली. चिंचोका पूर्वेला गेला, घटकाभर थांबला आणि उजवीकडे वळला. दिवेलागणीपर्यंत तिनं अकरा प्रश्न केले. अकराही बरोबर आले.

परीक्षेच्या दिवशी बाई साताऱ्याला तिच्यासोबत गेल्या. आत परीक्षा चालू असताना बाहेर चिंचेखाली बसून त्यांनी घरून आणलेल्या दशम्या सोडल्या आणि न खाताच पुन्हा बांधल्या. समोर अजिंक्यतारा उन्हात तापत होता. तास संपल्याची घंटा झाली. मुली घोळक्यानं बाहेर पडल्या, एकमेकींना उत्तरं विचारू लागल्या. शालू सगळ्यांत शेवटी आली. बोटं पेन्सिलीनं काळी झाली होती.

"किती झाले?"

"अठ्ठावीस. दोन ऱ्हायले, बाई."

"अवघड होते?"

"न्हाई. सोपे हुते. येळ गेला."

"दिशांचे अडले का?"

"ते पाच बी आले." शालूनं पदरानं कपाळ टिपलं, कुंकू जपून. "पर बाई, त्या पेपरवाल्यांनी पाची गृहस्थ रस्त्यातच सोडले हुते. घर किती लांब ऱ्हायलं, एवढंच इचारलं हुतं. उत्तर लिव्हलं, पन त्येंना तसं टाकून फुडं जाववंना. मग कडंला पेन्सिलीनं एकेकाला घरी पोचीवलं."

गुणमालाबाई दशम्यांची गाठ सोडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"पाचही जणांना?"

"व्हय," शालू म्हणाली. "एकाला लय लांबनं यायचं हुतं."