पिवळे हातमोजे

क्रेनवाला खोटं बोलत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. खोटारडा असता तर परवडला असता, निदान खरं काय ते त्याच्यापाशी तरी राहिलं असतं.

पाइपांच्या आवारात तो वर केबिनमध्ये बसायचा आणि खाली उभा राहून त्याला इशारे करायचा त्याचा साडू. साडूने तळवा खाली हलवला की उतरव, हात वर धरला की थांब. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून लोक चेष्टा करायचे की यांचा संसारही इशाऱ्यावर चालतो. त्या दुपारी पाइपांची मोळी खाली आली ती थेट फिटरच्या पायावर. फिटर रचलेल्या पाइपांच्या आड होता, वरून दिसणार नव्हता. साडूला दिसत होता.

"मी हात वर धरला होता," साडू म्हणाला. दुसरं कुणी पाहिलं नव्हतं. दोघांपैकी एकाची नोकरी जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

क्रेनवाल्याला विचारलं तर फिटरच्या किंकाळीआधीचं काहीच आठवेना, डोकं कोरं. मग बायकोने मनावर घेतलं. रोज जेवणं झाली की समोर बसवायची.

"आठवा बरं. हात कसा होता त्यांचा?"

"खाली केला असेल."

"असेल काय, असेल? केला होता की नाही?"

"केला... केला होता."

"हातमोजे होते ना? पिवळे?"

"हो गं. पिवळेच."

रोज थोडं थोडं उजळत गेलं. आधी हात, मग पिवळे हातमोजे, मग साडूची मान तुकवण्याची लकब. आठवण म्हणजे काय घडी घालून ठेवलेली साडी आहे, की काढली तेव्हा जशीच्या तशी हाती यावी? दर वेळी घडी नव्याने घातली जाते आणि घालणाऱ्याचे हात तिला लागतात. पण हे त्या दोघांना कोण सांगणार? पंधरवड्यात त्याला सगळं लख्ख दिसायला लागलं. बायकोचा तर इतका विश्वास बसला की बहिणीच्या घरी जाऊन "तुझा नवरा खोटं बोलतोय, ताई," असं तोंडावर सुनावून आली.

चौकशीला आलेल्या बाई मात्र वेगळ्याच निघाल्या. त्याचा जबाब त्यांनी ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "छान पाठ झालंय. आता वर चला. आठवू नका, त्या दिवशी केलं तसं फक्त करा."

वेळ तीच दुपारची. तो खुर्चीत बसला, दांडा धरला, मोळी उचलली. वळवली तसं डावीकडच्या काचेतून ऊन डोळ्यांवर आलं आणि त्याचा डावा हात आपोआप काचेच्या कोपऱ्याकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. हात नुसता चाचपडत राहिला.

"काय शोधताय?" बाईंनी विचारलं.

"पुठ्ठा," तो म्हणाला.

पंख्याच्या खोक्याचा पुठ्ठा. ऊन लागू नये म्हणून तो काचेत खोचायचा. मनाई होती, पण सगळेच खोचायचे. अपघातानंतर केबिन झाडली तेव्हा कुणीतरी फेकून दिला असावा. त्या दिवशीही त्याने तो खोचला होता, आणि साडू उभा राहायचा ती जागा नेमकी त्या पुठ्ठ्यामागे होती. इतक्या वर्षांची जोडी, साडूचा इशारा कधी येणार हे त्याच्या अंगातच मुरलेलं. पाहायची गरज काय? अंदाजाने त्याने मोळी सोडली होती. त्याने हात पाहिलाच नव्हता. वर नाही, खाली नाही, कुठलाच नाही.

त्याने बाईंना सगळं सांगून टाकलं. नोकरी गेल्यातच जमा होती.

घरी बायको म्हणाली, "अहो, पण पिवळे हातमोजे? तुम्हीच तर म्हणालात!"

"तू विचारलंस म्हणून दिसले. अगं, अजूनही दिसतायत."

"मी काय बोलून आले हो ताईला," म्हणत ती रडली, आणि मग दोघं तशीच उठून साडूच्या घरी गेली.

साडूने दार उघडलं. पार खंगला होता. क्रेनवाल्याने उंबऱ्यातच सगळं सांगितलं, हात जोडले.

"अरे, पण मी खालीच केला होता ना हात," साडू म्हणाला. "तुझी बायको येऊन सांगून गेली, तेव्हापासून रोज आठवून पाहतोय. आता मलाही दिसतो. खाली जाताना."

"नाही रे, तू वरच धरला होतास," असं क्रेनवाल्याच्या अगदी ओठांवर आलं. पण त्याने ते पाहिलं कुठे होतं?